धुतलेलं यान

अंतराळयान कपबशांच्या जाळीत उपडं निथळत होतं.

लाँड्रीवाला दुपारचं दुकान बंद करून जेवायला घरी आला, तेव्हा त्याला आधी तेच दिसलं. वीतभर लांबीचं, पिवळंधमक, दोन कपांच्या मधोमध. त्याची धाकटी बहीण ओट्यापाशी हात पुसत उभी होती. वहिनी गेल्यापासून ती अधूनमधून भावाचं घर आवरून द्यायला येत असे.

"बघ, कसं लख्ख निघालंय," ती म्हणाली. "काय ती काजळी, दादा. दात घासायच्या जुन्या ब्रशनं कोपरा न् कोपरा काढला. उद्या प्रदर्शनात लोक बघणार, वहिनीचं नाव घेणार, आणि तू असलं मळकं द्यायला निघाला होतास?"

त्याने यान उचललं. पाण्याचा ओघळ मनगटावरून बाहीत गेला.

बायको प्लॅस्टिकची यानं बनवायची. हे तिचं शेवटचं. विकत आणलेला सांगाडा लढाऊ यानाचा होता. तिने त्याच्या तोफा कापून काढल्या आणि त्या जागी आकडे बसवले. आकडे लाँड्रीतल्या मोडक्या हँगरचे, इंजिनं शिलाई मशीनच्या बॉबिनची. "लढायला सगळेच जातात," ती म्हणायची. "बंद पडलेल्यांना ओढून कोण आणणार?" मग त्याला पिवळा रंग दिला, आणि रंग वाळल्यावर कितीतरी दिवस खपून ते मळवलं. काळी पूड, तांबूस पूड, बारीक ब्रश. धुराचे पट्टे, गंज, तेलाचे डाग. "अहो, तुम्ही दिवसभर डाग काढता आणि मी संध्याकाळी डाग पाडते. संसार बरोबरीत."

पूड पक्की बसावी म्हणून वरून मारायचा वार्निशचा फवारा तेवढा राहून गेला. तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

"कपाटातली बाकीची नाही धुतलीस?" त्याने विचारलं.

"त्यांचं निघेचना. हेच तेवढं सुटलं."

तो वाढलेल्या ताटावर झाकण ठेवून खिडकीशी, बायकोच्या टेबलापाशी जाऊन बसला. यान पंख्याखाली धरून वाळवलं. पुडीच्या डब्या उघडल्या, ब्रश घेतला, हात यानाजवळ नेला आणि तिथेच थांबला. रोज संध्याकाळी तो याच टेबलापाशी चहा घेऊन बसायचा आणि बघत राहायचा. पण तिच्याकडे. यानाकडे नाही.

"दादा, हे काय करतोयस? आत्ता धुतलंय मी ते."

"ती घाण नव्हती गं," तो म्हणाला. "तिने रंगवली होती."

बहीण दारातच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "जळले मेले हे हात. एका शब्दानं विचारायला काय झालं होतं मला." थोड्या वेळाने तिने विचारलं, "फोटो असेल ना एखादा?"

"पुरं झाल्याशिवाय ती फोटो काढू द्यायची नाही."

बहिणीने स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. दोघं लाँड्रीतच वाढली होती. गिऱ्हाइकाचा चेहरा विसरलात तरी चालेल, डाग विसरायचा नाही, असं वडील सांगायचे. चिठ्ठी गळून पडलेला शर्ट कुणाचा, हे ती लहानपणी नुसत्या डागावरून सांगायची. तिने यानावर बोट ठेवलं.

"इथे. या नळीच्या मागून खालपर्यंत. वर काळं, खाली येता येता तपकिरी."

त्याने पूड लावली.

"एवढं नाही रे. धोपटू नकोस. फुंकर मार. हां. आता या आकड्याच्या बुडाशी गंज. हा फार चिवट होता मेला, नखानं काढला मी."

तो पहिल्यांदाच थोडा हसला. "तिला हे ऐकून बरं वाटलं असतं."

"माझी नखं बघितली असती तिने, तर आणखीच बरं वाटलं असतं."

ती बोट ठेवत गेली, तो पूड लावत गेला. कुठे चुकलं तर ती जीभ टाळ्याला लावून चक् करायची आणि तो पुसून परत लावायचा. ताट निवून गेलं. दुकान उघडायची वेळ टळून गेली. यान हळूहळू जुनं होत आलं.

"आणि इथे?" त्याने विचारलं. यानाच्या पोटाशी एक पिवळी जागा उरली होती.

बहिणीने बोट मागे घेतलं.

"तिथे डाग नव्हता, दादा."

"मग?"

"अंगठा होता. काळ्या पुडीचा. रेषासुद्धा दिसत होत्या." तिने खिडकीबाहेर बघितलं. "मला वाटलं, कुणी तरी हात लावून खराब केलंय. म्हणून मी सगळ्यात आधी तोच पुसला."

लाँड्रीवाल्याने ब्रश खाली ठेवला. स्वतःचा अंगठा पाहिला. त्याला काळी पूड लागलेलीच होती. त्याने फडकं घेतलं आणि अंगठा नीट पुसून काढला.

मग त्याने वार्निशचा डबा खूप वेळ हलवला, यान हातभर लांब धरलं आणि सगळीकडून फवारा मारला. त्या अंगठ्याएवढ्या पिवळ्या जागेवरसुद्धा.