उष्टी हळद आणि भट्टी

मोनालीची नजर भट्टीच्या तापमानाच्या काट्यावरून हलत नव्हती. हळद घरी, नवरी भट्टीवर, आणि पुढच्या पाळीला तिला सोडवायला यायचा तो आनंदा तिच्याच मांडवात बेंजोवर बेभान नाचत होता! हिनंच सगळ्या खात्याला आवतण दिलेलं. आता त्या दणदणाटात त्याला फोन कुठून ऐकू येणार?

पनवेलजवळच्या तारेच्या कारखान्यात ही भट्टी तिच्या ताब्यात होती. ओढून बारीक करण्याआधी तार इथे तापवून मऊ करायची आणि झाकणाखालीच सावकाश निवू द्यायची. घाई केली की तार वरून काळी पडते, आतून कडक राहते आणि ओढताना तटकन तुटते. मोनालीच्या हातची तार तुटत नसे. याचा तिला गर्व होता, आणि तो तिला शोभायचाही.

तिचे वडील बळीराम धापा टाकत आले. म्हणाले, काढ ते झाकण आणि चल. उद्या लग्न झालं की नोकरी सुटणारच आहे, मग तार तुटली काय नि राहिली काय! सुटणार होती खरी. साखरपुड्यातच केतनच्या आईनं, हौसाबाईनं, बजावलं होतं, सून भट्टीवर जाणार नाय. केतनपायी मोनालीनं मान डोलावली होती, पण तेव्हापासून तिचा जीव जळत होता.

"शेवटची हाय म्हनून कच्ची काढू? नाय काढनार, बाबा."

तेवढ्यात दारात हौसाबाई! केतनची उष्टी हळद घेऊन ती मांडवात गेली, तर नवरीच गायब. मग वाटी घेऊन रिक्षानं थेट इथे. बळीरामांच्या तोंडचं पाणी पळालं. सोयरीक मोडली असं समजून त्यांनी हातच जोडले.

हौसाबाईनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. उभा जन्म उरणच्या मिठागरात काढलेली बाई ती. मीठ पिकायच्या आत ओढायला सांगणाऱ्या मुकादमाला तिनं एकदा फावडं दाखवलं होतं. झाकण का काढायचं नाही, एवढंच तिनं विचारलं. मोनालीनं न अडखळता सांगितलं. हौसाबाईनं स्टूल ओढलं, बसली आणि तिथंच सुनेच्या गालांना हळद लावू लागली. मोनालीची नजर काट्यावरच.

"लग्नानंतर हिला कोन बघनार?" भट्टीकडे बोट करत हौसाबाईनं विचारलं.

"बघंल दुसरं कोनीतरी." मोनालीची नजर पहिल्यांदाच काट्यावरून हलली.

"दुसरं कशाला? तू हाय ना."