तीन माणसांची खोली

ग्लासगोत आमच्याइतकं अब्रूदार घराणं दुसरं नाही, असं इसोबेलआत्या सांगे. फक्त तिच्या आजोबांना कोर्टात का उभं केलं होतं, ते विचारायचं नाही. चोरी की खून, या धास्तीत तिनं सारा जन्म काढला. शेवटी मीच व्हिक्टोरिया राणीच्या काळातली दप्तरं उपसली.

"आत्या, त्यांच्या दारावर पत्र्याची सरकारी पाटी होती, 'खोली तीन माणसांची'. त्याहून जास्त माणसं ठेवणं तेव्हा गुन्हा होता. झडतीत नऊ निघाली. विधवा वहिनी नि तिची पाच पोरं. त्यातली दोन कपाटात लपलेली."

"एवढंच?" आत्यानं डोळे पुसले. "आणि मी मेली त्यांना खुनी समजत होते."

"कुणाला घराबाहेर न काढणं आपल्या रक्तातच आहे, आत्या."

"आहेच रे. पण हे शोधायला म्हणून तू माझ्याकडे आलास, त्याला महिना झाला. रविवारी तेवढी खोली मोकळी कर."