दोन भिंती आणि एक शिडी

"आत्ता नको. जरा थांबा," म्हणत बायकोने पेंटरला दंडाला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं.

पेंटरला बाहेर जायचं होतं. लघवीचं निव्वळ निमित्त. पडद्यावर तीस वर्षांपूर्वीचं साल झळकलं होतं, आणि त्या साली आपण काय करून ठेवलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माहितीपट साहेबांवर होता. साहेबांनी शहर उभं केलं की विकून खाल्लं, यावरून महिनाभर गावभर डोकी फुटत होती. आज तर थिएटरच्या दारात पोलीस पिशव्या तपासत होते. पेंटरच्या घरातली लढाई मात्र चार वर्षं जुनी होती. त्याचा मेव्हणा साहेबांचा कट्टर भक्त, आणि मुलगी साहेबांच्या नावाने बोटं मोडणारी. एकदा भर जेवणात दोघांची अशी जुंपली, की तेव्हापासून मामा-भाचीचं बोलणं बंद. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न होतं. मामा म्हणत होता, मी पायरी चढणार नाही. भाची म्हणत होती, बोलावतंय कोण?

बायकोला भाऊ एकच आणि मुलगीही एकच. महिनाभर तिच्या डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं. मग परवा एकाएकी तिने डोळे पुसले आणि चार तिकिटं आणली. "एकदा दोघं मिळून बघा, म्हणजे खरं कोण ते कळेल. मला मेलीला राजकारणातलं काय कळतंय!" आपलंच खरं निघणार याची दोघांनाही खात्री होती, म्हणून दोघंही आले. एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला मुलगी आणि मध्ये आपण नवरा-बायको, असं तिनेच सगळ्यांना बसवलं होतं.

पडद्यावर कारखान्याची भिंत आली. हातभर उंचीची लाल अक्षरं. 'साहेब, तुम्हीच!' निम्मं थिएटर टाळ्या पिटू लागलं. मेव्हणा तर उठून उभाच राहिला. हीच भिंत वाचून त्याने कॉलेज सोडलं होतं आणि साहेबांच्या सभांच्या सतरंज्या उचलायला गेला होता. अजून उचलतच होता.

मग पाण्याच्या टाकीची भिंत आली. 'साहेब, पुरे!' आता उरलेल्या निम्म्यांनी शिट्ट्या मारल्या. मुलीचे डोळे भरून आले. ही भिंत केव्हाच पाडली होती, पण एका धुरकट फोटोवरून तिने तिच्यावर अख्खा प्रबंध लिहिला होता. नाव होतं 'अनाम हात'. प्रबंधाच्या मुखपृष्ठावरची अक्षरं पेंटरनेच काढून दिली होती, घाम पुसत पुसत.

"एका काळरात्री," पडद्यावरचा भारदस्त आवाज म्हणाला, "जिवावर उदार होऊन, जणू रक्तात कुंचला बुडवून..."

पेंटर खुर्चीत आणखी खाली सरकला. कसली काळरात्र! पहिली भिंत सकाळी नाश्ता करून रंगवली होती आणि दुसरी जेवून. मध्ये चौकीतल्या हवालदाराने चहाही पाजला होता. रंग दवाखान्याचं फाटक रंगवून उरलेला. सकाळी एक गिऱ्हाईक आलं, दुपारी दुसरं. दोघांनाही घाई होती. पेंटरला गिऱ्हाइकाचा पक्ष विचारायची सवय नव्हती.

आता दोन्ही भिंती शेजारी शेजारी आल्या. चष्मा लावलेले एक तज्ज्ञ दुसरीवर काठी ठेवून म्हणाले, "इथे पाहा. ही रेघ थरथरली आहे. हा हात संतापाने कापतो आहे." थिएटर चिडीचूप झालं. याच थरथरीवर मुलीच्या प्रबंधाचा तिसरा अध्याय उभा होता.

"संताप कसला डोंबलाचा!" बायको म्हणाली. शाळेच्या मैदानावर कवायत घेण्यात तिचा जन्म गेला होता. आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मला शिंक आली, म्हणून शिडी हलली. सकाळच्या भिंतीला आली नव्हती, ती बघा कशी सरळ आलीय!"

आधी मागची रांग हसली, मग पुढची. दारातला पोलीसही तोंड फिरवून हसला. मुलगी मात्र पडद्याकडे टक लावून बघत होती. दोन्ही भिंतींच्या उजव्या कोपऱ्यात एक इवलंसं पान काढलेलं होतं. तसंच पान त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, प्रबंधावर होतं आणि मामाच्या स्कूटरच्या नंबर प्लेटवरही होतं.

"मामा," ती चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "पान बघितलंस?"

"बघितलं गं बाई," मामाचा आवाज चिरकला. "याच्यापायी मी कॉलेज सोडलं!"

"मी तीन वर्षं या माणसाला शोधत होते. रोज सकाळी मला दूध आणून देत होता!"

दोघं उठली. पेंटरच्या पायांवरून मामा भाचीच्या बाजूला गेला. "तुझ्या लग्नाला मी पहिल्या रांगेत बसणार," मामा म्हणत होता, "पण याच्या शेजारी नाही." "बसूच नकोस," भाची म्हणाली आणि तिने मामाचा हात धरला. दारापर्यंत दोघांची तोंडं एकसारखी चालू होती.

पेंटरला रडू यायचंच बाकी होतं. "तीस वर्षं पोटात ठेवलंस," तो बायकोला म्हणाला, "आणि आजच जीभ सैल सुटली? तीही एवढ्या मोठ्यांदा?"

बायकोने भावाची आणि मुलीची अर्धवट राहिलेली मक्याच्या लाह्यांची पुडकी एकात ओतली आणि मांडीवर घेतली.

"मंगळवारी एकटीच बघून गेले, तेव्हा मनातल्या मनातच म्हटलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा ऐकायला ही दोघं कुठं होती?"