शाळेची पायरी चढणारा बाप

नतीजा वाचून झाला तरी व्यंकट हात बांधून उभाच होता. आठव्या जमातीतल्या, म्हणजे आठवीच्या वर्गातल्या, पास पोरांत त्याचं नाव आलंच नाही.

पोरं त्याच्याकडे बघत राहिली. निजामाच्या शाळेत सगळं उर्दूतून. हीच पोरं रोज त्याच्याकडून धडे समजून घेत.

त्याला आधी बाप आठवला. शेषेराव दर बाजाराला कंधारकडून गाडी जुंपून नांदेडला येत. कधी हुरडा, कधी शेंगा घेऊन थेट शाळेत. विरूपाक्ष गुरुजींच्या पाया पडून ओसरीवर बसत, हळू आवाजात बोलत. दुसऱ्या कुणाचा बाप शाळेची पायरी चढत नसे. व्यंकटला आधी लाज वाटे, मग अभिमान वाटू लागला. बाप एवढ्या लांबून खेपा घालतो, मग आपण पुस्तक कसं मिटायचं?

थोरला भाऊ हैदराबादेला शिकायला गेला, तिथंच नोकरीला लागला. आईच्या दुखण्यातही फिरकला नाही. घराची सारी भिस्त आता व्यंकटवर होती. पास झाला असता तर पुढच्या शिक्षणाला तोही हैदराबादेलाच जाणार होता.

दुपारी शेषेराव आले. निकाल ऐकला. मग पोराच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे लेका. मास्तर लोकांचं काय खरं न्हाई. घरी चल. माय वाट बघून राहिली."

"बा, म्या समदं बरोबर लिवलं व्हतं."

"हाव. ठावं हाय मला."

ते बैल जुंपायला गेले.  व्यंकट तडक गुरुजींच्या खोलीत शिरला.

"माझा बा तुमच्या पाया पडत व्हता, गुरुजी! त्याच्या शेंगा खाल्ल्या, अन् मलाच बुडवलं?"

गुरुजींनी मान खाली घातली. "दार लाव."

व्यंकट हलला नाही.

"तुझा पर्चा मीच तपासला," गुरुजी म्हणाले. "अख्ख्या जमातीत तसा दुसरा नव्हता."

"मग?"

"व्यंकटाऽ, चल बाबा!" बाहेरून शेषेरावांची मायेची हाक आली.

गुरुजींनी खिडकीतून तिकडे पाहिलं. 

"तुला पास करू नका, म्हणूनच तो वर्षभर माझ्या पाया पडत होता रे."