झाकणात कोंबलेली कणीक

"साडूभाऊ, ह्या बाटलीचं झाकण बोलत का नाही हो?" पार्किन्सनने थरथरणाऱ्या हातांनी मुरारबा घड्याळजी ते फिरवत होते. नव्या कायद्याने औषधाचं प्रत्येक झाकण उघडताना त्या औषधाच्या गुणाचा पुरावा स्वतःच्या तोंडाने सांगे. अगदी बामसुद्धा!

"अस्सल मालाला बडबड लागत नाही," बाटली घेऊन आलेले साडू बबनराव म्हणाले. "अँटिऑक्सिडंट आहे! मेंदूचा गंज धुऊन निघतो. डॉक्टरच्या गोळ्या आजपासून बंद करा बघू."

त्याच गोळ्यांवर मुरारबांचे हात दिवसातून तीन तास स्थिर राहत आणि घड्याळं दुरुस्त होत. चहात पडलेल्या माशीकडे बघावं तसं त्यांनी साडूकडे बघितलं. मग चिमटा घेतला आणि चौथ्या खेपेला झाकणाच्या जाळीतून वाळकी कणीक उपसून काढली.

झाकणाने आधी दम खाल्ला. "सहाशे रोग्यांना सोळा महिने दिलं. गुण शून्य. प्रयोगशाळेतल्या उंदरांना मात्र बरं वाटलं होतं."

"पण माझ्या मामांना फरक पडला!" बबनराव ओरडले.

"मामा म्हणजे पुरावा नव्हे," झाकण म्हणालं.

मुरारबांनी डॉक्टरांची गोळी गिळली आणि बाटली साडूच्या पिशवीत टाकली. "घरी न्या. तुमच्याकडे उंदीर फार झालेत म्हणे, त्यांची तब्येत सुधारेल."