चौथा रकाना

"नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिन्ही रकाने जोडून एक कर आणि बिल्ले छाप. संध्याकाळी प्रत्येकाच्या छातीवर दिसले पाहिजेत," वेल्चेव साहेब म्हणाले आणि फाइल पाठवून जेवायला निघून गेले.

झोर्नित्साला ते एका ओळीच्या कोडचं काम होतं. ओळ लिहून झाल्यावर तिला साहेबांनी झाकून ठेवलेला चौथा रकाना दिसला. 'शेरा.' तिने स्वतःचं नाव शोधलं. 'नवऱ्याने टाकलेली. जाईल कुठे? पगार वाढवू नये.'

 मग ओळीच्या शेवटी तिने अधिकचं चिन्ह टाकलं, पुढे 'शेरा' लिहिलं आणि कळ दाबली. सगळ्यांचे शेरे नावांना चिकटले. इतरांचे तिने वाचलेच नाहीत.

संध्याकाळी प्लोव्दिवच्या हॉटेलात त्यांच्या फर्निचर कारखान्याचा वर्धापनदिन होता. साहेब आधीच आत, बायकोशेजारी मानाच्या टेबलावर बसले होते. दाराशी झोर्नित्सा बिल्ले वाटत होती. हसत येणारी माणसं वाचून गप्प होत होती. 'चोंबडी.' 'दारुडा, पण स्वस्त.' त्यांच्या चेहऱ्यांवर राग चढताना पाहून तिला बरं वाटत होतं.

मग सुतारखात्यातले स्तामेनकाका आले. चष्मा लावून त्यांनी वाचलं. 'मेलेल्या पोराच्या नावावर रजा उकळतो.'

झोर्नित्साने झटकन हात पुढे केला. "काका, द्या तो इकडे. मी दुसरा..."

"लिहिलं कुणी?"

"साहेबांनी."

"आणि छापलं तू."

"मी वाचलं नव्हतं, काका. शप्पथ."

"तुझा कुठाय?"

"पर्समध्ये."

"लाव. आम्हाला उघडं पाडून तू झाकून बसणार होय गं?"

तिने लावला. टाचणी बोटात घुसली.

काकांनी आपलाही लावला, कोट खाली ओढला आणि ते थेट मानाच्या टेबलाशी गेले. साहेबांच्या पत्नीच्या डोळ्यांसमोर बिल्ला येईल इतके वाकले.

"ओळखलंत, बाई? आमच्या ल्युबेनच्या मयताला फुलं घेऊन आला होतात."

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. काकांच्या मागे दुसरा येऊन उभा होता, त्याच्या मागे तिसरी. रांग दारापर्यंत गेली होती.

वेल्चेव खुर्ची मागे सारून उठायला लागले. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "माझं वाचून व्हायचंय अजून."