हवेचा काटा

बोटीच्या काठावरून दीर म्हणाला, “वहिनी, माझा सिलिंडर मीच उघडलाय. घोळ नको घालूस, चल.” समुद्रात बुडी मारायला दोघांनाही त्याच्या भावानेच शिकवलं होतं. तो भाऊ, तिचा नवरा, गेल्या वर्षी इथेच असाच घाईघाईत उतरला आणि वर काढलं ते प्रेतच. “नळी तोंडात धर आणि हवेच्या काट्याकडे बघत श्वास घे,” ती म्हणाली. त्याने हसत श्वास ओढला. दाब दाखवणारा काटा झपकन खाली पडला, पुन्हा वर आला. पुढच्या श्वासालाही तेच. त्याचं हसू मावळलं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह जेमतेमच उघडलेला होता. तिने पूर्ण फिरवला. “इथे वर एवढी हवा पुरते रे. खोलात नाही पुरत.” “दादाचंही... असंच?” तिने मान डोलावली. त्याने तिच्या सिलिंडरवर हात ठेवला. “आता तू श्वास घे.” हवा भरपूर होती, पण तिला तो पहिला श्वास घेववेना.